पैलवानाला थंडी का वाजली?

गेल्या जून महिन्यात माझ्या दवाखान्यात एक तरुण शिक्षक आले. वय ३४, उंची सहा फूट, वजन १०५ किलो. लहानपणापासून तालमीत घोटलेले शरीर आणि दारातून किंचित तिरके होऊनच आत यावे लागेल असे खांदे. तक्रार मात्र या देहाला शोभणारी नव्हती. म्हणाले, "डॉक्टर, माझ्या अंगात काही कमी आहे का ते जरा बघा. मला थंडी सोसत नाही."

मे महिन्यात ते हिमाचलात आठ दिवसांच्या पदभ्रमणाला गेले होते. वरचे तळ बारा हजार फुटांच्या आसपासचे. पहिल्या दोन रात्री कशाबशा निघाल्या. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी पहाटे हात इतके बधिर झाले होते की बुटाची नाडी बांधता येईना. त्याच दिवशी उतारावर पाय घसरला, घोटा मुरगळला आणि खिंड एका दिवसावर राहिली असताना तुकडीच्या प्रमुखाने त्यांना खाली पाठवले. बरोबरचे किडकिडीत सोबती खिंड ओलांडून आले. 'पैलवान थंडीला भ्याला' हा विनोद परतीच्या गाडीत सुरू झाला आणि गावापर्यंत पुरला. घोट्यापेक्षा तो विनोदच त्यांना जास्त लागला होता.

मी थायरॉइड पाहिले, हिमोग्लोबिन पाहिले, साखर पाहिली. सगळे उत्तम. मग म्हटले, "सर, उद्या येताना ती स्लीपिंग बॅग घेऊन या." दुसऱ्या दिवशी स्टेथॉस्कोप बाजूला ठेवला आणि घरातून शिवणकामाची टेप मागवली.

दोन्ही हात अंगालगत धरून, अंगात स्वेटर असताना, खांद्यांभोवती त्यांचा घेर भरला ५६ इंच. पिशवीचा आतला घेर खांद्यापाशी ६० इंच. रोगाचे निदान झाले!

हे चार इंच पुरेसे वाटतात, पण ते घेरातले आहेत. अंगाभोवती सगळीकडे वाटले तर प्रत्येक बाजूला पाऊण इंचसुद्धा मोकळी जागा उरत नाही. स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, हे आपण विसरतो. उष्णता आपल्या शरीराची असते; पिशवीतल्या पिसांत किंवा तंतूंत अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. आपली गोधडी नेमके हेच करते. आता रुंद खांद्यांचा माणूस अरुंद पिशवीत शिरला की खांदे, कोपरे आणि नितंब आतून कापडावर दाब देतात. तिथली भर चेपते, हवा निघून जाते आणि त्या जागी उरते नुसते दोन पदरी कापड. म्हणजे पैलवानाने पैसे मोजले जाड पिशवीचे आणि पांघरली चादर. शिवाय जाकीट घातले की चेन छातीवरच अडत होती. मान आणि खांदे रात्रभर उघडे.

दुकानदाराने ही पिशवी विकताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: वजन फक्त ९०० ग्रॅम आणि 'शून्य अंशापर्यंत चालते'. घेर किती, हे त्याने सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. आज डोंगरात जाणाऱ्यांमध्ये हलक्या सामानाचे एक वेड आहे. माझे स्पष्ट मत असे की अंगापिंडाने मोठ्या माणसासाठी हे वेड चुकीच्या टोकापासून सुरू होते. त्याने आधी माप पाहावे, मग वजन.

त्या 'शून्य अंशा'चेही थोडे सांगतो. युरोपात २००२ साली स्लीपिंग बॅग तपासण्याचे एक मानक ठरले आणि पुढे २०१६ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले. त्यात गरम केलेला पुतळा पिशवीत ठेवून मोजमाप करतात आणि तीन आकडे काढतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. मर्यादेचा आकडा ज्या 'प्रमाण पुरुषा'साठी असतो तो पंचवीस वर्षांचा, सुमारे पाच फूट आठ इंच उंचीचा आणि सत्तर किलोंच्या आसपासचा असतो. आमच्या शिक्षकांच्या खांद्यांचा त्या हिशेबात कुठे संबंधच येत नाही. टोकाचा आकडा तर झोपेचा नव्हेच. सहा तास जीव तगून राहण्याचा आहे. तेव्हा लेबलावर एकच आकडा असेल तर तो कोणता, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर निदान पाच-सहा अंशांची सूट धरून चालावे. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. कुलूच्या बाजारात घामाघूम होऊन घेतलेला अंदाज वरच्या तळावर चालत नाही तो यामुळे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी स्वतः काटकुळा. पंचवीस वर्षे सह्याद्रीत हिंडलो, रतनगडाच्या आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहांत झोपलो, आणि आमच्यातला एक धिप्पाड मित्र रात्रभर कूस बदलत राहायचा तेव्हा इतरांबरोबर हसलो. 'एवढी चरबी असून याला थंडी कशी वाजते?' हे वाक्य माझेही आहे. शास्त्र पाहिले तर मोठ्या देहाला उष्णता टिकवायला थोडी अनुकूलताच असते, कारण वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ कमी भरते. पण ती अनुकूलता कापडाबाहेर राहिलेल्या खांद्याला आणि दगडाला टेकलेल्या कोपराला उपयोगी पडत नाही.

दगडावरून खालच्या बाजूकडे येतो, कारण खरी चूक बहुतेकांची तिथे होते. आपण पाठीखाली आलो की पिशवीची खालची बाजू आपल्याच वजनाने चेपते. वजन जितके जास्त, तितकी जास्त. तिचा उपयोग जवळजवळ संपतो आणि जमीन थेट पाठीतली उष्णता ओढू लागते. खालून रक्षण करते ती मॅट. तिच्या उष्णतारोधाला 'आर' हा आकडा देतात. तो मोजण्याचे एकसारखे मानक अमेरिकेत २०१८ साली ठरले. साध्या बंद पेशींच्या फोमच्या मॅटचा आकडा दोनच्या आसपास असतो. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला तो बहुधा पुरतो. बर्फावर झोपायचे तर चार-पाच तरी हवा. सोयीची गोष्ट अशी की दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांचे आकडे मिळवले जातात.

आता रुंदी. नेहमीच्या हवा भरायच्या मॅट २० इंच रुंद असतात आणि कित्येक पायाकडे आणखी निमुळत्या होतात. घरी फरशीवर उताणे झोपा, हात नेहमीसारखे अंगालगत ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी दोन्ही कोपरांच्या बाहेर खडूने खूण करायला सांगा. मधले अंतर मोजा. आमच्या शिक्षकांचे भरले २५ इंच. म्हणजे २० इंचांच्या मॅटवर त्यांची दोन्ही कोपरे रात्रभर जमिनीवर. हात पोटावर घेतले तर खांदे आखडतात आणि मुंग्या येतात. पहाटे बुटाची नाडी का बांधता आली नाही, याचा उलगडा बऱ्याच अंशी इथे होतो. अशा माणसाने २५ इंची, आयताकृती मॅटच घ्यावी. वजन शे-दोनशे ग्रॅम वाढेल. वाढू द्यावे.

कुशीवर झोपणाऱ्यांनी जाडीही पाहावी. मोठ्या देहाचा सगळा भार तेव्हा खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी येतो आणि पातळ मॅटवर ती हाडे जमिनीला टेकतात. हवेची मॅट तीन इंचांच्या आसपास जाड असावी. आपल्याकडे करवंदीच्या काट्यांचा प्रश्न असतो, म्हणून तिच्याखाली फोमची साधी कॅरीमॅट असलेली बरी. उशीचेही तसेच. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जितके अंतर, तितकी उंच उशी कुशीवर झोपताना लागते. रुंद खांद्यांच्या माणसाला बाजारातली फुगवायची चिमुकली उशी पुरत नाही. पिशवीत कपडे भरून ती उंच करावी.

कुशीचा हा मुद्दा मी उगाच ताणत नाही. ज्यांच्या शर्टाची कॉलर १७ इंचांच्या वर आहे, जे जोराने घोरतात, ज्यांचा श्वास झोपेत अडकतो असे घरचे सांगतात आणि ज्यांना दिवसा पेंग येते, त्यांनी उंचावर जाण्याआधी डॉक्टरांना जरूर दाखवावे. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार बऱ्याच जणांत उताणे झोपल्याने वाढतो. त्यात उंचीवर विरळ हवेने श्वासाची लय आधीच बिघडते. अशा माणसाला अरुंद पिशवीत ममीसारखे उताणे बांधून ठेवणे म्हणजे दुखण्याला निमंत्रण. झोप येत नाही म्हणून वर गेल्यावर आपल्या मनाने झोपेची गोळी घेऊ नये आणि 'ऊब यावी' म्हणून मद्य तर नाहीच नाही. मद्याने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि शरीर प्रत्यक्षात गार होत जाते.

त्याहून मोठा धोका तंबूत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी पेटवण्याचा. थंडीने बेजार झालेला माणूस काहीही करतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. गरम पाण्याची बाटली मोज्यात गुंडाळून पायाशी घ्यायला हरकत नाही, मात्र मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तेही टाळावे. पाय भाजलेला सकाळीच कळतो.

तर मग या शिक्षकांनी घ्यावे काय? रुंद मापाच्या स्लीपिंग बॅग मिळतात. नेहमीचा घेर ६० ते ६४ इंच, रुंदांचा ६८-७०च्या पुढे. आपल्या घेराहून आठ-दहा इंच जास्त असला की पुरे. त्याहून फार मोठी घेऊ नये, कारण आतली रिकामी हवाही आपल्यालाच तापवावी लागते. पण मी त्यांना नवीन काही लगेच घेऊ दिले नाही. आहे तीच पिशवी चेन उघडून, पायाकडचा फूट-दीड फूट भाग तेवढा बंद ठेवून, गोधडीसारखी अंगावर घ्यायला सांगितली. पाठीखालची बाजू चेपून वाया जातच होती. ती आता रुंदीला कामी येते. परदेशात याच तत्त्वावर खास रजया विकतात. आमच्या आज्यांना त्याचे नवल वाटले नसते! अडचण एकच, कडेने वारा शिरतो. त्यासाठी दोन नाड्या मॅटखालून बांधाव्यात आणि कानटोपी घालावी. कडाक्याच्या थंडीत मात्र हा उपाय अपुरा पडेल, तिथे रुंद बॅगच हवी. शिंप्याकडून पिशवीला कळी घालून घेण्याचाही विचार झाला होता, पण भर असलेल्या कापडावर आरपार टाके घातले की त्या ओळीत ऊब उरत नाही. तो बेत सोडला.

पिसे की कृत्रिम तंतू, याचे उत्तर सोपे. कोरड्या हिमालयात पिसे हलकी आणि उबदार. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती भिजली की गठ्ठा होतात, तिथे तंतू बरे.

वाचकांपैकी काहींना वाटले असेल की डॉक्टर वजन कमी करायला का सांगत नाहीत. सांगतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघेदुखी असलेल्या स्थूल वृद्धांचे वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो असे दिसले. तेव्हा हलके होण्याचे मोल मला ठाऊक आहे आणि सॅक हलकी असावी हेही मला मान्य आहे. पण खांद्याची हाडे पथ्याने आखूड होत नाहीत. ग्रॅम वाचवायचेच असतील तर इतर जागा आहेत. या शिक्षकांच्या सॅकमध्ये जीन्सच्या दोन पँटी, दोन टॉवेल आणि चिवड्याचा डबा होता. स्टीलचा.

दिवाळीची सुटी जवळ आली आहे आणि अनेकांच्या सॅक माळ्यावरून खाली येतील. नवीन सामान घेणाऱ्यांनी ते अंगणात किंवा गच्चीवर एक अख्खी रात्र वापरून पाहावे. दुकानात बूट काढून दोन मिनिटे पडून पाहण्याने काही कळत नाही. आमच्या शिक्षकांनी फोमच्या एका जुन्या मॅटचा खांद्यापासून खुब्यापर्यंतचा तुकडा कापून हवेच्या मॅटखाली घालायला घेतला आहे. परवा सकाळी ते दवाखान्यात डोकावले. चार रात्री गच्चीवर झोपत आहेत म्हणाले. डासांखेरीज तक्रार नव्हती.