पास आहे का एखादा?

परवा शुक्रवारी हापिसात जेवताना नेहमीचा विषय निघाला. वीकांताला काय? आमच्या टीममध्ये सहा जण ठाण्याचे किंवा त्यापलीकडचे. दोन ठाणे, एक कल्याण, बाकी आम्ही तिघे डोंबिवलीकर. त्यातल्या एकाने पोळीचा घास तोंडात असतानाच आपलं पेटंट वाक्य टाकलं, "आपल्याकडे काही होतच नाही रे. काही चांगलं ऐकायचं-बघायचं तर दादर, पार्ला, नाहीतर सरळ पुणे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वर्षभरापूर्वी मीही डोलावली असती. पण गेलं वर्षभर मी एक एक्सेल शीट चालवतोय. (हो, माहिती आहे. इंजिनिअर माणसाला दुसरं काय सुचणार.) स्टेशनच्या पुलावरचे बॅनर, रविवारच्या पेपरातून घरंगळणारी हँडबिलं, नाट्यगृहाबाहेरचे बोर्ड, आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड, जे दिसेल ते शीटमध्ये. तारीख, कार्यक्रम, ठिकाण, वेळ आणि शेवटचा कॉलम तिकीट. हेतू साधा होता. 'आपल्याकडे काही होत नाही' हे खरं का खोटं ते एकदा बघून टाकू.

खोटं आहे. साफ खोटं.

दिवाळीपासूनच बघा. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून निम्मी डोंबिवली फडके रोडवर असते. त्यातले किती जण गाणं ऐकायला येतात आणि किती नवीन झब्बा दाखवायला, हा वेगळा विषय. त्याच सुमाराला ठाण्यात तलावपाळीला तीच गर्दी. मग थंडी पडली की खरा सीझन. कल्याण गायन समाज ही १९२६ सालची संस्था. म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाची. त्यांचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखल्यांच्या नावाने होतो. भास्करबुवा म्हणजे बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू. ठाण्यात महापालिकेचा पं. राम मराठे यांच्या नावाचा संगीत समारोह. रामभाऊ (१९२४-१९८९) ठाण्यातच राहायचे. प्रभातच्या 'गोपालकृष्ण'मधला छोटा कृष्ण ते हेच, आणि पुढे 'मंदारमाला'चं संगीत आणि गाणंही त्यांचंच. मला हे कळलं ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याआधी मला राम मराठे म्हणजे फक्त हँडबिलावरचं एक नाव होतं. लाज वाटते सांगायला, पण आहे ते आहे.

उपवन तलावाच्या काठचा आर्ट फेस्टिवल २०१४ साली सुरू झाला. तिकडे अंबरनाथला शिवमंदिराच्या आवारात असाच फेस्टिवल भरवला जाऊ लागला. देऊळ १०६० सालचं, आणि त्याच्या पाठीशी रात्री दिवे लावून सतार! कुठल्याही युरोपियन शहराने याची पोस्टकार्डं छापून विकली असती. मग पाडव्याची शोभायात्रा. ती १९९९ साली पहिल्यांदा डोंबिवलीतून निघाली. आज गिरगावचे फोटो बघून लोक 'वा वा' करतात, पण तो आमचा पेटंट आहे हे लक्षात ठेवा. :)

बसायला जागाही आहे. ठाण्यात तलावपाळीचं गडकरी रंगायतन १९७८ सालचं. नूतनीकरणासाठी बंद होतं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये परत उघडलं. तिकडे हिरानंदानी मेडोजला घाणेकर नाट्यगृह, कल्याणात अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत घरडा सर्कलला सावित्रीबाई फुले कलामंदिर. अडचणी आहेत. घाणेकरला जायचं तर स्टेशनवरून रिक्षावाल्याच्या हातापाया पडावं लागतं. पण कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर आणि कल्याण ते ठाणे २० च्या आसपास, हा हिशेब तिसरीतला मुलगाही करेल.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. शीट भरली, आणि एका रविवारी सहज शेवटच्या कॉलमवर फिल्टर लावला. तिकीट. खाली नुसतं 'विनामूल्य', 'विनामूल्य', 'प्रवेशिका आवश्यक', 'सन्मानिका', 'विनामूल्य'. नाटकं सोडली (नाटकाला आपण अजून तिकीट काढतो, देवाची कृपा) तर गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांत आकडा असलेल्या ओळी बोटावर मोजण्याइतक्या. आणि त्या ओळींवर मी स्वतः किती वेळा गेलो होतो? एकदा.

ते एकदा सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये ख्यालाची मैफल होती. गायिका माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिकीट दोनशे. मी गेलो ते निव्वळ शाळेतला मित्र तबल्याला होता म्हणून. तो दिवसा बँकेत असतो. हॉलमध्ये तीनशे खुर्च्या आणि माणसं सत्तर-बहात्तर. एसी नाही, पंखे बंद, कारण पंख्याचा आवाज तानपुऱ्यात मिसळतो. बाहेर रिक्षांचा हॉर्न. आणि त्या बाईने पूरियाधनाश्री सुरू केला.

मला गाण्यातलं काही कळत नाही हे आधीच कबूल करतो. पण पहिली वीस मिनिटं ती चार-पाच सुरांच्या बाहेरच गेली नाही. मी मनात म्हणतोय, हिला पुढे जायचंय की नाही? आणि मग ती जेव्हा वरच्या 'सा'ला जाऊन टेकली तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा, ज्यांना मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. मीही नाही. अंगावर काटा आला एवढंच सांगू शकतो. हेडफोनवर हे होत नाही, मी नंतर करून बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर मित्राची वाट बघत मागे थांबलो होतो, तर आयोजक काका टेबलावर वही उघडून बसलेले. निवृत्त गृहस्थ, हाफ शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी सहज विचारलं, कसा काय झाला हिशेब? त्यांनी वही माझ्याकडे वळवली. गायिकेचं मानधन २५,००० रुपये. तबला ६,०००, पेटी ६,०००, दोन तानपुरेवाल्या मुलींना मिळून २,०००. हॉल ८,०००. साउंडवाला ७,०००. हँडबिलं, चहा, कलाकारांची रिक्षा धरून आणखी ३,०००. एकूण ५७,०००. जमा काय, तर ७१ तिकिटं गुणिले दोनशे, १४,२००. स्मरणिकेच्या जाहिरातींतून ३०,००० आले होते. उरलेले १२,८०० समितीच्या पाच जणांनी वाटून घेतले. म्हणजे या काकांनी त्या संध्याकाळचे अडीच हजार रुपये पेन्शनमधून दिले, वर खुर्च्याही स्वतः मांडल्या.

"पुढच्या वर्षी फुकट ठेवू," काका म्हणाले, "म्हणजे निदान हॉल तरी भरेल. प्रायोजक भरलेला हॉल बघतो."

मला हे वाक्य महिनाभर डोक्यातून गेलं नाही. आयटीवाल्यांना यातली गोम लगेच कळेल. ज्याच्या खिशातून पैसे येतात तो क्लायंट. तिकिटातून पैसे येत असतील तर क्लायंट मी, खुर्चीत बसलेला. पैसे प्रायोजकाकडून येत असतील तर क्लायंट तो, आणि मी म्हणजे त्याला दाखवायची गर्दी. मग पहिल्या तीन रांगांत पांढरी कव्हरं घातलेले सोफे येतात आणि साडेसातपर्यंत रिकामे राहतात. मग मध्यंतराआधी सत्कार येतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, 'मी दोनच शब्द बोलणार आहे', आणि गवयाचा जमत आलेला राग चाळीस मिनिटं मांडीवर तंबोरा घेऊन ताटकळत बसतो. आपण चिडतो. पण चिडायचा हक्क कुठला? आपण तर एक रुपया दिलेला नाही.

आणि कार्यक्रम कसला होणार तेही तोच ठरवतो. गर्दी हवी तर नाव मोठं हवं आणि गाणी माहितीतली हवीत. म्हणून आपल्याकडच्या पहाटेला, सांध्यरंगाला, अमुक वाढदिवसाला आणि तमुक स्मृतिदिनाला तीच पंधरा भावगीतं फिरतात. चांगली आहेत गाणी, मलाही पाठ आहेत. पण त्या पूरियाधनाश्रीवाल्या गायिकेने कुठे गायचं? ती कल्याणला राहते, आठवड्यातून पाच दिवस क्लास घेते. तिला फेस्टिवलमध्ये बोलवत नाहीत कारण नाव नाही, आणि नाव होत नाही कारण गायला जागा नाही. रामभाऊंच्या नावाचा समारोह आपण थाटात करू, पण आजचा कोणी रामभाऊ ठाण्यात राहत असेल तर त्याला ऐकायला दोनशे रुपये काढणार नाही.

आता यावर लोक म्हणतील, कला सर्वांसाठी असावी, पेन्शनवाल्यांनी काय करायचं, गरिबाने काय करायचं. मान्य. शोभायात्रेला तिकीट लावा असं म्हणायला मी वेडा नाही. उपवनच्या काठावर, अंबरनाथच्या देवळापाशी कोणीही यावं, पोराला खांद्यावर घेऊन उभं राहावं, तेच त्याचं सौंदर्य आहे. साठीपुढच्यांना आणि विद्यार्थ्यांना अर्ध्या दरात द्या, मी म्हणतो फुकट द्या. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण आपल्याशी आहे, म्हणजे कॅब, कॉफी आणि पिझ्झ्यात वीकांताला हजार रुपये सहज उडवणाऱ्यांशी.

कारण पैसे नाहीत असं नाहीये. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेचं बुकिंग उघडलं तेव्हा मी रविवारी दुपारी दोन लॅपटॉप आणि तीन फोन लावून बसलो होतो. रांगेत नंबर सात लाखांच्या पुढे. सगळ्यात स्वस्त तिकीट अडीच हजार, आणि तेही मिळालं नाही तर दिवसभर सुतक. आमच्या टीममधल्या ज्याला मिळालं त्याने जानेवारी २०२५ मध्ये नेरुळला जाऊन स्टेडियमच्या पार टोकावरून मुंगीएवढा ख्रिस मार्टिन बघितला आणि आठवडाभर तेच सांगत होता. मजा केली, छान. पण त्याच माणसाला मी त्या फेब्रुवारीच्या मैफलीचं सांगितलं होतं. पाचशे मीटरवर राहतो. त्याचा प्रश्न होता, "पास आहे का एखादा?"

हे आपल्या रक्तातच आहे असंही नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये संयुक्त 'मानापमान' झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. सगळ्यात वरच्या दराचं तिकीट १०० रुपये होतं. १९२१ सालचे १०० रुपये! आणि लोकांनी ते काढलं. प्रत्येक जण काही शंभरवाला नव्हता, खाली स्वस्तातली तिकिटंही होती. पण ज्याला जे झेपेल ते काढून लोक बसले. तेव्हाच्या नाटक कंपन्यांचा सगळा डोलारा, ते पडदे, त्या पैठण्या, ती अत्तरं, तिकीटबारीवरच तर उभा असायचा. संस्थानिकांचे आश्रय होते, पण गावोगावच्या प्रेक्षकाच्या चार आण्यांशिवाय रोजचा भात शिजत नव्हता.

आयोजकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे वेळ. शनिवारी साडेपाचला कार्यक्रम ठेवाल तर ज्याला शनिवारी अर्धा दिवस हापिस आहे तो घाटकोपरलाच असतो. रविवारी सकाळी दहाला ठेवून बघा. प्रभातकालीन राग ऐकायला मिळतात, लोकलला गर्दी नसते आणि दुपारी घरी जेवायला जाता येतं. दुसरं म्हणजे, हँडबिलावर नुसतं 'देणगी प्रवेशिका अमुक यांच्याकडे उपलब्ध' आणि एक लँडलाइन नंबर छापू नका. क्यूआर कोड छापा. आम्ही आळशी आहोत, आम्हाला फोन करून कोणाशी बोलायला लावू नका. हवं तर मी येऊन करून देतो, फुकट. (बघा, मीही फुकटवरच आलो.)

बाकी त्या काकांना मी तेव्हाच एक विनंती केली होती. पुढच्या वर्षीही तिकीट ठेवा, दोनशेचं अडीचशे करा, शंभर तिकिटं खपवायची जबाबदारी माझी. काका हसले. म्हणाले, "बघू." मग एप्रिलमध्ये त्यांचा मेसेज आला, की समितीतले दोन जण नको म्हणतायत, पण करू या एकदा शेवटचं.

तर मंडळी, ते 'शेवटचं' येत्या रविवारी आहे. सकाळी दहा वाजता, तीच शाळा, तोच हॉल, पंखे बंद. गायिका तीच, तबल्याला तोच मित्र. आतापर्यंत माझ्याकडून ६४ तिकिटं गेली आहेत. त्यात हापिसातली नऊ, सोसायटीतली वीस, आईच्या भजनी मंडळाने एकरकमी पंधरा उचलली (आयटीवाल्यांनो, बघा जरा).

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर मी शीट उघडून सगळ्यांना दाखवली. पेटंट वाक्यवाल्याने स्क्रोल करून बघितली, प्रभावित वगैरे झाला. मग रविवारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे घराजवळच आहे की माझ्या. पास आहे का एखादा?"

मी म्हटलं, पास नाही, तिकीट आहे. अडीचशे. जीपे कर.

"करतो रे संध्याकाळी," म्हणाला.

आज शनिवार. अजून आलेले नाहीत.