दुसरी किल्ली

आमच्या शहराजवळच दौलताबादचा किल्ला आहे. शाळांच्या सहली तिथे येतात आणि मुले घरी जाताना एक नाव बरोबर घेऊन जातात, ‘वेडा महंमद’. गंमत अशी, की महंमद बिन तुघलकाला नाद होता तो तर्कशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा. त्याच्याच काळातला इतिहासकार बरनी याचा रोष नेमका त्यावर होता. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी इकडे हलवली, कारण राज्य दक्षिणेत पसरले होते आणि देवगिरी मध्यावर पडत होती. चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढण्यामागेही विचार होता. आपल्या खिशातली नोट तरी दुसरे काय आहे?

एवढा तर्कनिष्ठ माणूस असा फसत असेल, तर विवेकाने वागावे याला काही सबळ कारण आहे का, असे चांगली शिकलेली माणसे विचारतात. यावर एक चोख उत्तर आहे. कारण मागणारा आधीच विवेकाच्या कोर्टात येऊन बसलेला असतो! पण ते वकिली उत्तर झाले. त्याने कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही.

माझी उभी हयात बँकेत गेली. तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघेही देवमाणसे असली, तरी एकट्याने तिजोरी उघडायची नाही. महंमदाकडे बुद्धी होती, दुसरी किल्ली नव्हती. त्याच्या नाण्यांची नक्कल सोपी होती. लोकांनी ती केली, आणि अखेर खजिन्यातले सोने-चांदी देऊन ती नाणी परत घ्यावी लागली. ‘हुजूर, नक्कल झाली तर?’ एवढे विचारायलाही त्या दरबारात छाती लागली असती.

विवेक म्हणजे मला ही दुसरी किल्ली वाटते, आणि तिची गरज सुलतानापेक्षा गरिबाला जास्त. मराठवाड्यात पावसाळ्यात साप चावला की अजूनही काही जण आधी मांत्रिकाकडे धाव घेतात. त्याच्या हाताला गुण आहे, असे गाव शपथेवर सांगते, आणि गाव खोटे बोलत नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. ही माणसे मंत्राशिवायही वाचलीच असती. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष भिनलेला मात्र जातो, आणि मग ‘त्याचे आयुष्यच तेवढे’ म्हणून लोक गप्प बसतात. फक्त वसूल झालेली कर्जे दाखवणारा हिशेब कोणी माझ्या टेबलावर ठेवला असता, तर मी सही केली नसती. बुडीत कर्जांचे पान कुठे आहे, असे विचारले असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर तेच पान मागत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षी झाला. साप चावलेल्या माणसाला औषधोपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे त्यात गुन्हा ठरवले आहे. विवेकाने वागून दाभोलकरांना काय मिळाले, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. फायदा झाला असेल तो एखाद्या वाडीवरच्या पोराचा. पाय सुजलेला असताना त्याला जीपमध्ये घालून थेट घाटी रुग्णालयात आणले असेल, आणि सलाइनमधून प्रतिविष चढत असताना त्याची आई बाहेर पायरीवर बसून देवाचे नाव घेत असेल. तिने ते जरूर घ्यावे. पोरगा आत आहे.