कवड्या की मण्यार?

पावसाळ्याच्या दिवसांत रात्री भिंतीवरच्या पालीमागे सरसरत एखादा पट्टेरी साप घरात येतो आणि क्षणात आरडाओरडा होतो, ‘मण्यार! मण्यार!’ काठी पडते. मेलेला साप पुष्कळदा निघतो कवड्या, म्हणजे पूर्णपणे बिनविषारी.

दोघांतला फरक पाहण्यासारखा आहे. कवड्याच्या तपकिरी अंगावरचे पिवळसर-पांढरे पट्टे मानेपाशीच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी, निळसर झाक असलेली, चकचकीत. तिचे पांढरे, बहुधा जोडीजोडीने असणारे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. तिच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या, षटकोनी खवल्यांची ओळ असते. कवड्याला ती नसते. खडबडीत भिंतीवर चढण्यात मात्र कवड्या पटाईत. पाली हे त्याचे आवडते खाद्य.

पण ही ओळख लांबूनच पटवायची. खवले मोजायला कुणी वाकू नये. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. म्हणून शंका असेल तर साप विषारीच समजावा आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.

वाचकांना आमची विनंती आहे: साप दिसला तर मुलांना दूर न्या, सापावर लांबून नजर ठेवा, वनविभागाला किंवा जवळच्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. काठी उचलू नका.