स्त्रीरोगांची मोजणी आणि गडचिरोली

महाराष्ट्राच्या स्त्रीवैद्यकाच्या इतिहासात १९८६ हे साल दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावे लागेल. त्या वर्षी ६ ऑगस्ट रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश येऊन ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्माला आली आणि ती वार्ता देशभर गाजली. (कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ सालीच ही किमया साधली होती व त्याबद्दल त्यांच्या पदरी उपहास पडला, ती कथा निराळी.) त्याच वर्षी, चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या आणि अवघ्या चार वर्षांच्या गडचिरोली जिल्ह्यात, तेंदूपानांच्या एका गोदामात डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने ‘सर्च’ या संस्थेचे काम मांडले. त्याचा गवगवा झाला नाही, आणि तसे होणे साहजिकच होते. मूल होत नाही या दुःखाची समाजाला जाण असते. चार मुले होऊन गेलेल्या बाईच्या ओटीपोटात काय दुखते, हे विचारण्याची मात्र आपल्याकडे रीत नाही.

डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूर विद्यापीठातून स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी सुवर्णपदकासह मिळवायची, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घ्यायचे आणि मग गडचिरोलीस येऊन राहायचे, हा क्रम व्यवहारी माणसाला वेडेपणाचाच वाटावा. त्यांच्या या त्यागाचे पोवाडे पुष्कळ गाऊन झाले आहेत. महाराष्ट्रभूषण झाले, २०१८ साली उभयतांना पद्मश्रीही मिळाली. प्रस्तुत लेखकाला त्यांच्या त्यागापेक्षा त्यांनी केलेली मोजणी अधिक महत्त्वाची वाटते, आणि सत्कारांच्या गर्दीत नेमकी तीच मागे पडली आहे.

ही मोजणी वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांत झाली. तेरा वर्षांवरील मुली व स्त्रिया, आजारी असोत वा नसोत, तपासणीस बोलावण्यात आल्या. ६५० जणींची रीतसर तपासणी झाली. ती स्त्री-डॉक्टरने स्वतः केली आणि तिला प्रयोगशाळेतील चाचण्यांची जोड दिली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांना काही ना काही तक्रार होती. पण प्रत्यक्षात स्त्रीरोग आढळला तो ९२ टक्के स्त्रियांत. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग निघाले. यातील निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. आणि यापूर्वी आयुष्यात कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

या आकड्यांवर आक्षेप घेतले गेले आणि ते सर्वस्वी अवाजवी होते असे नाही. दोन गावांवरून देशाचे अनुमान काढता येत नाही. शिवाय बोलावलेल्या सगळ्याच स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या, आणि जिला त्रास आहे ती अधिक तत्परतेने येणार, हे उघड आहे. परंतु या आक्षेपाचे अर्धे उत्तर त्या आकड्यांतच दडलेले आहे. तक्रार ५५ टक्क्यांची आणि रोग ९२ टक्क्यांना, याचा अर्थ शंभरातल्या निदान सदतीस जणी ‘मला काही होत नाही’ असे सांगत असताना आजारी होत्या. अंगावर पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीच्या वेळी जीव नकोसा होणे हे बाईच्या जातीला असायचेच, ही समजूत इतकी खोलवर मुरली होती की आजाराला आजार म्हणण्याची सोयच उरली नव्हती. आमच्या आरमोरी भागात रोवणीच्या दिवसांत बाया दिवस दिवस चिखलात वाकून उभ्या असतात. त्यांच्यातील एखादीने ‘कंबर दुखते’ म्हटले, तर तिला आजही हसण्यावारी नेले जाते; इतर बायाच नेतात.

त्या काळचे सरकार स्त्रीच्या बाबतीत काय मोजत होते? नसबंदीच्या केसेस. आणीबाणीतील १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांवर झालेल्या बळजबरीने सरकार कोसळले आणि त्यानंतर कुटुंबनियोजनाचा सारा रोख निमूटपणे स्त्रीकडे वळविण्यात आला. नर्सबाईला टार्गेट, ग्रामसेवकाला टार्गेट, शाळामास्तरालाही टार्गेट. जिच्या गर्भाशयाच्या मुखाला सूज आहे अशा बाईचीही टाक्याची शस्त्रक्रिया उरकायची किंवा तिला तांबी बसवायची, आणि पुढे ती दुखण्याची तक्रार घेऊन आली की ‘मनाचा खेळ आहे’ म्हणून परत पाठवायचे. सरकारी योजनांना खेड्यातील बायका प्रतिसाद देत नाहीत, असे अहवालांत लिहिले जाई. ज्या यंत्रणेला आपल्या शरीराशी केवळ मूल बंद करण्यापुरतेच कर्तव्य आहे, तिच्यावर कोणती शहाणी बाई विश्वास ठेवील?

वसा-अमिर्झाच्या आकड्यांचा परिणाम फार दूरवर झाला. स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि संततिनियमन यांपुरता करून भागणार नाही, असे म्हणणाऱ्यांच्या हाती प्रथमच भक्कम पुरावा आला. १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने जननआरोग्याची व्यापक कल्पना मान्य केली; भारत सरकारने १९९६ साली नसबंदीची टार्गेट पद्धती मागे घेतली. हे सारे एका शोधनिबंधाने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यामागे देशोदेशींच्या स्त्री-संघटनांचे श्रम होते. पण त्या वादात गडचिरोलीचे नाव पुनःपुन्हा घेतले गेले, हे खरे.

डॉ. राणीबाईंच्या कार्याचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. तपासणीपूर्वी त्यांनी बायांचे ऐकून घेतले होते, आणि पुढेही ऐकतच राहिल्या. ‘कानोसा’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच बोलके आहे. आदिवासी स्त्री आणि झाडे यांचे नाते सांगणारे ‘गोईण’ही याच ऐकण्यातून आले. दवाखाना कसा हवा, असे आदिवासींना विचारले तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्यात पांढरे कापड प्रेताला गुंडाळतात आणि डॉक्टर-नर्सही पांढऱ्यातच वावरतात, रोग्याजवळ नातलगांना राहू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. म्हणून धानोरा रस्त्यावरील शोधग्रामात दवाखाना उभारला तो झोपड्यांच्या पाड्यासारखा, आणि त्याला नाव दिले दंतेश्वरी देवीचे. गावोगावच्या सुईणींना अडाणी ठरवून बाजूला सारण्याऐवजी त्यांना शिकविले आणि त्यांच्याकडून शिकूनही घेतले. नवजात बालकांच्या घरच्या घरी शुश्रूषेचा ‘सर्च’चा पुढचा प्रयोग जगभर गेला, तोही गावच्याच बायांच्या हातून पार पडला होता. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

इतके झाल्यावर आमच्या भागात परिस्थिती पालटली काय? काही अंशी. आशा आल्या, रुग्णवाहिका आली, दवाखान्यातील बाळंतपणे वाढली. परंतु बाळंतपण नसलेल्या बाईने जायचे कोठे, हा प्रश्न सुटलेला नाही. आरमोरीची बाई आजही वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीच्या खासगी डॉक्टरांकडे जाते. हाती पैसे असले तर जाते, नसले तर धानाचे चुकारे येईपर्यंत थांबते. एका दांपत्याने आपले आयुष्य घातले म्हणून शासनाची जबाबदारी फिटत नाही. खरे तर अशा थोर संस्थांचा शासनाला एक आडवळणी फायदा होतो: तेथे बोट दाखवून आपले हात झटकता येतात. यात दोष त्या संस्थांचा नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत गडचिरोली आहे. त्या महाविद्यालयाने स्त्रीरोग विभागाचे काम भिंतींच्या आत न ठेवता तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या वारी स्त्री-डॉक्टर पाठवावी, तेथे बाळंतपणाखेरीजच्या तक्रारींसाठी वेगळी वेळ राखावी आणि त्याचा फलक गावोगावी लावावा. आणि पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांकडून ती जुनी पाहणी पुन्हा करवून घ्यावी: तीच दोन गावे, तेच प्रश्न, तशीच तपासणी. ९२ चा आकडा किती खाली आला, हे जिल्ह्यातील स्त्रियांना कळू द्या. वसा आणि अमिर्झा गडचिरोलीहून फार दूर नाहीत.