पाणसळ आधी, पलंग मग

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतील मुलांकडे निघालेले अनेक ज्येष्ठ औषधांची यादी आणि चिठ्ठी घेण्यासाठी दवाखान्यात येतात. अलीकडे त्यांच्या बेतात नातवंडांसोबत ट्रेलरमधील मुक्कामाचाही समावेश असतो. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे हे चाकांवरचे छोटेसे घर. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि न्हाणीघर असते. घरचे अन्न खाता येते, पथ्य सांभाळता येते, दुपारी घटकाभर आडवे होता येते. त्यामुळे हा प्रवास ज्येष्ठांना मानवत नाही असे मी म्हणणार नाही. मात्र मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर ट्रेलर सपाटीत आणणे आणि स्थिर करणे हे काम घाईत उरकले जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. तरुणांच्या दृष्टीने ती गाडीची निगा असते. आपल्या दृष्टीने तो पडण्यापासूनचा बचाव आहे.

कारण समजून घ्या. माणसाचा तोल तीन साक्षीदारांच्या भरवशावर उभा असतो. डोळे, अंतःकर्ण, आणि तळपाय व सांधे यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. उघड्या माळावर उतार असेल तर तो डोळ्यांना दिसतो आणि आपण जपून पाऊल टाकतो. ट्रेलरच्या आत तसे घडत नाही. तेथे भिंती, कपाटे आणि जमीन सगळेच एकत्र कललेले असते. त्यामुळे डोळे सांगतात की सारे सरळ आहे आणि अंतःकर्ण सांगते की आपण तिरके आहोत. तरुण मेंदू हा वाद चटकन मिटवतो. वय वाढले की अंतःकर्णाची तीक्ष्णता कमी होते, आणि दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांची संवेदनाही बोथट होते. अशा व्यक्तीचा सारा भार डोळ्यांवर येतो. येथे तर डोळेच फसवत असतात, आणि रात्री दिवा मालवला की तोही आधार जातो.

उतार मोठा असावा लागतो असेही नाही. सहा मीटर लांबीच्या ट्रेलरला केवळ एका अंशाचा कल असला, तरी दोन टोकांच्या उंचीत सुमारे दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. नजरेने तो ओळखणे कठीण. म्हणून गवंडी वापरतो तशी पाणसळ हवी. ती बुडबुड्याची छोटी पट्टी अनेक जण ट्रेलरच्या बाहेरच चिकटवून ठेवतात.

कामाचा क्रम ठरलेला आहे आणि तो आपणही जाणून असावा. प्रथम डावी-उजवी बाजू पाहायची. जी बाजू खाली असेल तिच्या चाकांपुढे फळ्या किंवा प्लास्टिकचे ठोकळे ठेवून त्यांवर चाके चढवायची. हे ट्रेलर मोटारीला जोडलेला असतानाच करायचे. मग चाकांना पुढून-मागून पाचरी लावायच्या. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड सरकवतो, तोच हा प्रकार. पाचरी घट्ट बसल्यावरच मोटार सोडवायची. त्यानंतर पुढच्या दांड्याखालचा जॅक फिरवून पुढची-मागची पातळी साधायची, आणि अगदी शेवटी चारही कोपऱ्यांचे जॅक जमिनीला टेकवायचे. निघताना क्रम उलटा. मोटार पक्की जोडून झाल्यावरच पाचरी काढायच्या.

कोपऱ्यांच्या या जॅकविषयी एक गैरसमज आढळतो. ते ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. त्यांच्या जोरावर कललेला ट्रेलर सरळ करू गेल्यास सांगाडा वाकण्याची भीती असते. आपल्या हातातील काठीसारखेच त्यांचे काम. काठी तोल सावरते, शरीराचे वजन मात्र पायांनीच पेलायचे असते. ट्रेलरचे वजन चाकांवर आणि पुढच्या दांड्यावरच राहते. जॅक टेकले की आत कोणी चालल्यावर होणारे हेलकावे कमी होतात. चक्कर येण्याची प्रवृत्ती असलेल्यांना हाच फरक मोठा जाणवतो. जमीन मऊ असेल तर जॅकखाली फळी घालावी, आणि पाऊस पडून गेल्यावर पाणसळ पुन्हा पाहावी, कारण ओल्या मातीत एखादा कोपरा हळूच खचतो.

हे चालू असताना आपण कोठे असावे? ट्रेलरच्या आत मुळीच नाही, आणि मोटार व ट्रेलर यांच्या मध्येही नाही. बाजूला, चालकाला दिसेल अशा जागी घडीची खुर्ची टाकून बसावे.

झोपेचा विचार वेगळा करायला हवा. पलंगाची डोक्याकडची बाजू खाली राहिली तर आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना जठरातील आम्ल घशाशी येते. हृदय दुर्बल असलेल्यांना सपाट झोपूनही धाप लागू शकते. डोके खाली असेल तर ती वाढते. यलोस्टोन सरोवराचा परिसर समुद्रसपाटीपासून २३५७ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सातशे मीटरहून अधिक. तेथे हवा मुळातच विरळ असते. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी अशा ठिकाणी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. थोडा कल राहूनच गेला, तर उशी उंच बाजूला ठेवून झोपावे. एवढ्या साध्या बदलाने रात्र सुखाची होते.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अनेक ट्रेलरमधील फ्रिज गॅसवर चालतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे द्रावण उष्णतेने वर चढते आणि आपल्याच भाराने उतरत खाली येते, अशी त्यांची रचना असते. ट्रेलर कललेला राहिला तर हा प्रवाह अडतो, थंडावा घटतो आणि यंत्रही बिघडते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे आणि ते गोठताही कामा नये. म्हणून फ्रिजमध्ये छोटा तापमापक ठेवावा. वापरात असलेले पेन किती तापमानात किती दिवस टिकते, हे त्याच्या वेष्टनावर वाचून घ्यावे.

आता पायरी. ठोकळ्यांवर चढवल्याने ट्रेलर थोडा उंच होतो, आणि पहिली पायरी जमिनीपासून अधिक दूर जाते. मूळच्या पायऱ्याही अरुंद आणि लोखंडी असतात. त्यांच्यापुढे न डगमगणारा रुंद पाट ठेवावा, दाराजवळची मूठ धरूनच चढ-उतार करावी, आणि उतरताना तोंड ट्रेलरकडे ठेवावे. रात्री लघवीला उठायचे झाल्यास आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उभे राहताच रक्तदाब उतरतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा चालू ठेवावा, आणि घसरत्या सपातांऐवजी टाच धरणारी पादत्राणे घालावीत. ट्रेलरमधील कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू आहे ना, हे निजण्यापूर्वी कोणीतरी पाहावे.

काळजी घेणाऱ्या मुला-मुलींना माझे विशेष सांगणे आहे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया शक्यतो लवकर व्हावी लागते. मोठ्या राष्ट्रीय उद्यानातून सुसज्ज रुग्णालयापर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात, आणि पाहुण्या आईवडिलांच्या विम्यात काय बसते व काय नाही, हे त्या क्षणी शोधत बसावे लागते. त्यापुढे पाणसळीसाठी दिलेला अर्धा तास फार नाही. जागा राखून ठेवतानाच सपाट, पक्क्या जमिनीची मागावी, आणि उजेड असतानाच तेथे पोहोचावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक भीड असते. मुलगा दिवसभर गाडी चालवून दमला आहे, आता त्याला पुन्हा कशाला उठवायचे, असा विचार करून आपण गप्प राहतो. भिंतीला हात लावत चालतो आणि ‘काही नाही, बरे आहे’ म्हणतो. कृपा करून तसे करू नका. आत शिरल्यावर पाऊल एका बाजूला ओढल्यासारखे वाटले, डोके हलके झाले किंवा पलंगावर अंग कडेकडे घसरू लागले, तर त्याच वेळी स्पष्ट सांगा. पाणसळ जे दाखवते ते आपले शरीर कित्येकदा तिच्याआधी ओळखते. ठोकळा एक इंच वाढवायला दहा मिनिटे लागतील. मुलगा कुरकुरलाच, तर त्याच्यासाठी चहा टाकायला सांगा आणि तोवर खुर्चीत बसून राहा.