दुकानात दिलेला मोबाईल नंबर पुढे कुठे जातो? कंपन्यांच्या ‘याद्यां’चं गणित समजून घ्या

कापडाचं दुकान असो, औषधाचं किंवा केकचं, बिल करताना प्रश्न ठरलेला: ‘मोबाईल नंबर सांगा.’ नंबर दिल्याशिवाय बिल करायला नकार देणं ही अनुचित व्यापार पद्धत ठरू शकते, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनांना कळवलं होतं. तरीही रांगेत मागे चार माणसं उभी असताना वाद कोण घालतो? आपण नंबर सांगून मोकळे होतो.

खरी गोष्ट तिथून सुरू होते.

यादी आणि तिचे तुकडे

तो नंबर दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत बसतो. त्याच ओळीत खरेदीची तारीख, शाखा, रक्कम आणि घेतलेली वस्तू नोंदली जाते. नुसत्या दहा हजार नंबरांच्या यादीला फारशी किंमत नसते. किंमत येते ती तिचे गट पाडल्यावर. याला मार्केटिंगच्या भाषेत ‘सेगमेंट’ म्हणतात. ‘गेल्या दिवाळीत पाच हजारांहून जास्त खरेदी केलेले, पण त्यानंतर सहा महिने न फिरकलेले’ हा असाच एक सेगमेंट. यादीत रोज भर पडते, तशी या गटातली नावंही आपोआप बदलत राहतात.

‘टॅग’ मात्र वेगळा. ती कुणीतरी चिकटवलेली चिठ्ठी असते: ‘लग्नाची खरेदी’, ‘डिस्काउंट मागतो’. चिठ्ठी काढल्याशिवाय निघत नाही. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी शालूच्या जाहिराती येत राहतात, त्यामागे बहुतेक वेळा अशी विसरलेली चिठ्ठी असते.

गट पाडण्याची सर्वात रुळलेली पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे. शेवटची खरेदी कधी, किती वेळा आणि किती रुपयांची? जुन्या काळचा वाणी हे सगळं डोक्यात ठेवायचा. फरक इतकाच, की वाण्याची आठवण दुसऱ्याला विकता येत नव्हती.

‘नको’ म्हटलं तरी मेसेज का येतो?

याचं एक कारण लबाडी आहे, पण दुसरं कारण निव्वळ गबाळेपणाचं आहे. अनेक कंपन्या एकच यादी ठेवून तिचे गट पाडण्याऐवजी प्रत्येक कामासाठी नवी यादी बनवतात. दिवाळी सेलची एक, शाखेची एक, लकी ड्रॉची एक. तुमचा नंबर तिन्हींत असतो. तुम्ही एकीतून बाहेर पडता, उरलेल्या दोन चालूच राहतात. यावर उपाय आहे: नकार देणाऱ्यांची एकच सामाईक यादी, जी प्रत्येक मेसेजआधी तपासली जाते. गंमत अशी, की तुम्हाला मेसेज न पाठवण्यासाठीही कंपनीला तुमचा नंबर जपून ठेवावा लागतो. तो पूर्ण पुसला आणि उद्या जुन्या एक्सेल फाईलमधून पुन्हा आत आला, तर तुमच्या नकाराचा मागमूस राहत नाही.

ईमेलच्या बाबतीत धाक बसवला तो सरकारने नव्हे, गुगलने. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते. शिवाय स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात.

सरकारी यादीही चुकते

मार्च २०२४ मध्ये ‘विकसित भारत’चा व्हॉट्सॲप मेसेज लाखो फोनवर पोहोचला. आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली, मेसेज त्यानंतरही येत राहिले आणि २१ मार्चला निवडणूक आयोगाने ते तात्काळ थांबवण्याचे आदेश दिले. पत्रं आचारसंहितेआधीच पाठवली होती, तांत्रिक कारणांनी काही उशिरा पोहोचली, असा खुलासा माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने केला. पण संयुक्त अरब अमिरातीतल्या परदेशी नागरिकांनाही तो मेसेज गेल्याच्या बातम्या आल्या. उशिराचा खुलासा या प्रश्नाला पुरत नाही. हे नंबर कोणत्या यादीत होते आणि त्या यादीत कुठून आले?

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. त्यातही संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यानंतर बिलासाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी वापरायचा, तर वेगळी, स्पष्ट संमती लागेल. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. आधीच गोळा केलेल्या जुन्या याद्याही सुटत नाहीत. त्यातल्या लोकांना, त्यांची कोणती माहिती आणि कशासाठी ठेवली आहे, हे कळवावं लागेल. डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मुलांना लक्ष्य करून जाहिराती करायला कायद्यात मनाई आहे, आणि मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती.

तोवर हाताशी आहे ती ‘ट्राय’ची व्यवस्था. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’, सरकारी संदेशासाठी ‘जी’. १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर बँकिंग, घरं, शिक्षण, आरोग्य असे विषय निवडून जाहिराती बंद करता येतात. नको असलेल्या मेसेजची तक्रार करायला २०२५ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी सात दिवस मिळतात.

मात्र दोन वाटा मोकळ्या राहतात. ही व्यवस्था फोन कॉल आणि एसएमएसपुरती आहे, व्हॉट्सॲप तिच्यात येत नाही. दुकानांचा ओढा तिकडे वाढण्याचं हेही एक कारण म्हणायला हवं. आणि दुसरं, एखाद्या कंपनीला तुम्ही स्वतः स्पष्ट संमती दिली असेल, तर तुमचा डीएनडी तिच्यापुरता लागू होत नाही. ती संमती बहुधा फॉर्मच्या तळाशी, बारीक अक्षरांतल्या त्या चौकटीत असते.