शेगावचा गहू आणि बोस्टनचे मूत्रपिंड

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक चमत्कारिक व्याधी पसरली. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस राठ होत, आणि तीन-चार दिवसांत हात फिरवला की मूठभर केस हाती येऊन डोके तुळतुळीत होई. बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशी एकेक गावे करीत ही तक्रार अठरा गावांत पोहोचली आणि जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाधितांची संख्या २७९ झाली. त्यांत म्हातारे होते तशी शाळकरी मुले होती, आणि ऐन लग्नाच्या वयातील मुली होत्या.

केस गेल्याने कोणी मरत नाही, हे खरे. परंतु गावात राहणाऱ्या माणसाला अब्रू ही जिवाइतकीच प्रिय असते. या गावच्या माणसाची दाढी करायला न्हावी तयार होईना, जुळत आलेल्या सोयरिकी फिसकटू लागल्या, मुलींनी कॉलेजला जाणे सोडले, अशा बातम्या त्या दिवसांत आल्या. शहरांतील वर्तमानपत्रांनी मात्र ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन या दुःखाची करमणूक केली. विषाणूचा तेथे पत्ता नव्हता. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

शासकीय यंत्रणा हलली नाही असे म्हणता येणार नाही. आरोग्य खात्याची पथके गावांत गेली. कोणता शाम्पू वापरता, अशी विचारणा झाली. मग बुरशीचा संसर्ग असावा असे सांगण्यात आले. पाण्याचे नमुने तपासले, त्यांत नायट्रेट आणि क्षार प्रमाणाबाहेर निघाले. खारपाणपट्ट्यात ते निघणारच होते; तेथील माणूस ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या पीत आला आहे आणि तरीही त्याच्या डोक्यावर केस होते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ दिल्ली आणि चेन्नईहून आले, रक्त, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेऊन परत गेले. गावकरी वाट पाहत बसले.

उत्तराची दिशा दाखविली ती सह्याद्रीपलीकडच्या महाड येथील एका डॉक्टरने. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे सर्रास दगावत. त्यावर उपचार नाही असे पाठ्यपुस्तके सांगत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढून निरीक्षणे लिहिली आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी या दंशावर लागू पडते हे दाखवून दिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले आणि आज जगभर ते मानले जाते. अशा माणसाने शेगावच्या गावांत जाऊन प्रथम कशाकडे पाहिले असेल, तर लोकांच्या ताटाकडे. रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू असे सारे त्यांनी तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले. उलट जस्त फारच कमी. गव्हात किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, जेथे ते १.९ मिलिग्रॅमच्या वर असू नये. हा गहू पंजाबातून स्वस्त धान्य दुकानांत आला होता, असे त्यांचे म्हणणे आहे.

सेलेनियम म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण उद्या गावात प्रश्न त्यांनाच विचारले जाणार आहेत. हे मूलद्रव्य १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियसने शोधले. ते गंधकाचे सख्खे भावंड. इतके सारखे की वनस्पतीची मुळेसुद्धा फसतात आणि जमिनीत सेलेनियम असेल तर गंधकाच्या जागी तेच उचलून दाण्यातील प्रथिनात बसवितात. माणसाचे केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्याची मजबुती गंधकाच्या बंधांवर अवलंबून असते. भिंतीत चुन्याच्या जागी चुन्यासारखीच दिसणारी माती भरावी आणि भिंत ढासळावी, तसे काहीसे येथे घडते. गंमत अशी की हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात शरीराला आवश्यक असते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतात आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे धोका सुरू होतो. बावस्करांचा आकडा हाती घेऊन हिशेब केला, तर त्या गव्हाच्या तीस ग्रॅम पिठात, म्हणजे एका पोळीत, ही मर्यादा ओलांडली जाते. कष्टकरी माणूस एका पोळीवर उठत नाही. गहू धुऊन-वाळवून दळला तरी फारसा उपयोग नाही, कारण विष दाण्याच्या सालीवर नसून पोटात आहे.

यातले काही जगाला नवीन नव्हते. अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा प्रांतात गुरांचे केस आणि खूर गळत, त्याचे कारण सेलेनियम हे १९३० च्या दशकातच उमगले होते. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या सुमारास गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली होती; तेथील शास्त्रज्ञांनी १९८३ साली त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. खुद्द पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या काही भागांत शिवालिक टेकड्यांतून वाहून आलेल्या गाळामुळे जमिनीत सेलेनियम साठले आहे, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच नोंदवून ठेवले आहे. ज्ञान कपाटात होते, पोते दुकानात पोहोचले. या दोहोंच्या मध्ये जी तपासणी व्हावयास हवी होती, तिचा सारा भर ओलावा किती, कचरा किती, फुटका आणि किडका दाणा किती, यावर असतो. धान्यखरेदीचे निकष व्यापाराच्या सोयीने ठरले आहेत. खाणाऱ्याच्या शरीरात काय जाते, हा प्रश्न त्यांत विचारलेलाच नाही.

येथे पंजाबच्या शेतकऱ्यावर आग पाखडण्याचा मोह काहींना झाला. तो आवरला पाहिजे. त्या शेतकऱ्याच्या घरीही तोच गहू शिजतो. आणि रेशनव्यवस्थाच वाईट, धान्याऐवजी रोख पैसे द्या, असा सूर लावणाऱ्यांनाही ही संधी मिळू देता कामा नये. बाजारात विकत घेतलेल्या गव्हाची तर कोणीच तपासणी करीत नाही. रेशनच्या पोत्याचा निदान माग काढता येतो: कोणत्या गोदामातून, कोणत्या महिन्यात, कोणत्या दुकानात ते गेले, याची नोंद असते. सार्वजनिक व्यवस्थेची ही ताकद आहे. ती वापरली गेली नाही, हा दोष चालविणाऱ्यांचा. शिवाय पूर्णाकाठच्या या प्रदेशात माणसे ज्वारीच्या भाकरीवर जगत होती, तिची जागा रेशनच्या गव्हा-तांदळाने घेतली. दूरच्या एकाच मुलखातील धान्यावर गरिबाचे पोट सर्वस्वी अवलंबून ठेवल्याने काय होते, त्याचाही हा धडा आहे.

ज्या जानेवारीत शेगावकर डोक्याला फडके गुंडाळून आरोग्य केंद्राबाहेर रांगेत उभे होते, त्याच महिन्यात अमेरिकेतील बोस्टन शहरात एका माणसाच्या शरीरात डुकराचे मूत्रपिंड बसविण्यात आले. त्या डुकराच्या जनुकांत आधी असंख्य फेरफार केलेले होते, जेणेकरून मानवी शरीराने ते परके म्हणून झिडकारू नये. जिवंत माणसावरील असा पहिला प्रयोग त्याच रुग्णालयात मार्च २०२४ मध्ये झाला होता. तो रुग्ण दोन महिन्यांच्या आत वारला. जानेवारीतील रुग्णाला मात्र ते मूत्रपिंड जवळपास नऊ महिने पुरले. तिकडे ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटाने २०१५ सालीच मूलपेशींपासून प्रयोगशाळेच्या बशीत मूत्रपिंडाच्या ऊतींचे चिमुकले नमुने वाढवून दाखविले. ऊती अभियांत्रिकी म्हणतात ती विद्या हीच: पेशींना योग्य आधार आणि खाद्य देऊन त्यांच्याकरवी अवयवाचा तुकडा घडवून घ्यायचा.

या वार्ता बुलढाण्याने दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत, कारण मूत्रपिंडाचा प्रश्न या जिल्ह्याच्या दाराशी उभा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून जवळपास नऊशे गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. त्यांतील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत किडनीच्या विकाराने माणूस गेला नाही असे गाव शोधावे लागेल. कमावता पुरुष चाळिशी-पन्नाशीत आजारी पडतो, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी शहर गाठतो. उपचार फुकट मिळाला तरी एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? आधी बैल विकला जातो, मग शेत. दोष खाऱ्या पाण्याला दिला जातो. परंतु नेमके क्षार, जड धातू, कीटकनाशके, की उन्हात पाण्यावाचून राबणे, यांपैकी कशाचा वाटा किती, हे अद्याप शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले नाही. आंध्रातील उद्दानम आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत येथेही शेतमजुरांमध्ये हाच विकार आहे आणि तेथेही वाद मिटलेला नाही. बावस्करांनी २०१० साली महाराष्ट्रातील एका लहान गावातील पिण्याच्या पाण्यातील जड धातू आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध एका नियतकालिकात मांडला होता. त्याचा धागा पकडून गावोगाव वर्षानुवर्षे पाहणी चालविणारी संस्था खारपाणपट्ट्यात उभी राहावयास हवी होती.

म्हणून बोस्टनचा प्रयोग निरुपयोगी ठरत नाही. ‘आधी भाकरी, मग विज्ञान’ ही घोषणा टाळ्या मिळविते, पण ती खोटी आहे. देशातच पाहावे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९० च्या सुमारास देशी बनावटीची हृदयाची झडप दिली, आणि डुकराच्या पित्ताशयातील पेशी काढून उरलेल्या पडद्यापासून भाजलेल्या व मधुमेहाच्या जखमा भरून आणणारे आवरण तयार केले. त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या परिश्रमातून रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचार सिद्ध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास परवानगी मिळाली. परदेशात ज्याला तीन-चार कोटी पडतात, तो येथे चाळीस लाखांच्या आसपास होतो. सार्वजनिक पैशाने चाललेल्या संस्था काय करू शकतात, याचे हे पुरावे. तरीही चाळीस लाख हा आकडा संग्रामपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला चार कोटींइतकाच दूरचा आहे. आणि ज्याचे मूत्रपिंड विहिरीच्या पाण्याने निकामी होत असेल, त्याला उद्या प्रयोगशाळेत वाढविलेले मूत्रपिंड फुकट बसविले, तरी तो घरी परतून पाणी त्याच विहिरीचे पिणार.

बुलढाणा जिल्हा शास्त्रज्ञांना अनोळखी आहे असेही नाही. लोणारच्या खाऱ्या सरोवरातील सूक्ष्मजीवांवर प्रबंध लिहिले गेले आहेत. जून २०२० मध्ये ते सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पाण्याचे नमुने नागपूर आणि पुण्याला धावत गेले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लक्ष घातले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काही आठवड्यांत उलगडा केला: क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ. उत्तम झाले. पण एप्रिल २०२५ मध्ये, केस गेलेल्यांपैकी काहींची नखेही ठिसूळ होऊन गळू लागली, तेव्हा तशी धावपळ दिसली नाही.

मागण्या साध्या आहेत. खारपाणपट्ट्यासाठी पाणी, माती, धान्य आणि रक्त यांतील धातू मोजणारी सुसज्ज सरकारी प्रयोगशाळा जिल्ह्यातच हवी. त्यासाठी लागणारी यंत्रे देशात नवीन नाहीत. अन्न महामंडळाच्या गोदामात येणाऱ्या प्रत्येक खेपेची सेलेनियम, आर्सेनिक, कॅडमियम यांसाठी नमुना-तपासणी व्हावी आणि आकडे दुकानाच्या फलकावर भावासोबत लागावेत. ज्यांचे रक्त घेतले त्या प्रत्येकाला त्याचा अहवाल मराठीत मिळावा आणि संशोधन परिषदेचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जावेत. वान धरणाच्या पाण्यावरील १४० गावांची योजना शेवटच्या नळापर्यंत चालते किंवा नाही, हे कागदावर न पाहता नळाखाली हंडा धरून पाहावे.

शासनाने हे करीपर्यंत शेगाव, नांदुरा, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या कार्यकर्त्यांना एक काम आजच हाती घेता येण्यासारखे आहे. दर महिन्याला रेशनचा गहू आला की त्यातला अर्धा किलो कोरड्या पिशवीत बांधून, तिच्यावर दुकानाचा क्रमांक, पोत्यावरील छाप आणि तारीख लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत ठेवावा. पुढच्या वेळी कोणी नमुना मागायला आले, तर देण्यासारखा नमुना गावापाशी असेल.